मृत्यूची फिर्याद आणि १८५५ चा तेरावा कायदा

६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत या गावी समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत विशीतल्या एका तरुणाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. तो आपल्या आईसह गावात उतरला होता. ती जागा किनाऱ्यापासून दीड मैलावर होती. खाट मिळवून त्याला तिच्यावरून घरी आणेपर्यंत रात्र पडली. साडेआठ-पावणेनऊला गावचे डॉक्टर आले. पाय हलू नये म्हणून त्यांनी लाकडी फळ्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलाची प्रकृती चांगली असतानाही त्याला पुण्याला हलवावे, असा सल्ला दिला. फळ्या काढून नीट स्प्लिंट बसवण्यात आणखी एक दिवस गेला. मग मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास टॅक्सी निघाली. मागे रेलून ठेवलेला मुलगा, त्याची आई आणि तेच डॉक्टर. कोकणात रेल्वे यायला अजून चार दशके बाकी होती. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून ९ मे रोजी सकाळी साडेअकराला ते पुण्यात पोहोचले.

वडील स्वतः वैद्यकीय व्यवसाय करीत. दौंडहून ते पुण्यात येऊन थांबले होते. एका रुग्णालयात तपासणी झाली. मोडलेल्या हाडाची टोके एकमेकांवर चढली होती आणि हाडात पिन घालून, वजन लावून पाय ताणून ठेवावा लागेल असे दिसले. तेव्हा मुलाला शहरातील एका अनुभवी शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात नेण्यात आले. दुपारी सव्वादोनला त्याला दाखल करून घेतले. मॉर्फियाची दोन इंजेक्शने तासाभराच्या अंतराने द्यावीत अशी सूचना होती. प्रत्यक्षात एकच दिले गेले. क्ष-किरण छायाचित्रे निघाली, मुलगा वरच्या मजल्यावरील शस्त्रक्रियागृहात गेला आणि तासाभराहून थोडा अधिक वेळ तेथे होता. साडेपाचला पायाला प्लास्टर घालून त्याला खोलीत आणले.

सातपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल असे आश्वासन मिळाल्यावर वडील दौंडला परतले. आई उशाशी बसून राहिली. साडेसहाला तिला जाणवले की मुलाला श्वास घेणे जड जात आहे आणि खोकला येत आहे. धावपळ झाली, उपचार झाले. रात्री नऊला मुलगा गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले होते, ‘फॅट एम्बॉलिझम’, म्हणजे चरबीचा कण रक्तवाहिनीत अडकणे.

मांडीचे हाड मोडणे गंभीर खरे, पण तीन दिवस धडधाकट राहिलेला तरुण पायाला प्लास्टर घातल्यापासून साडेतीन तासांत दगावतो, ही गोष्ट डॉक्टर असलेल्या बापाच्या गळी उतरणे शक्य नव्हते. आईवडिलांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. भूल न देता, केवळ मॉर्फियाच्या एका इंजेक्शनवर मुलाचा पाय तीन माणसांकडून अवाजवी जोराने ओढवून हाड बसवण्यात आले आणि त्या धक्क्याने त्याचा प्राण गेला, असे त्यांचे म्हणणे होते. प्रवासाने रुग्ण दमलेला असल्यामुळे हाड बसवणे आपण पुढे ढकलले होते, पाय फक्त हलक्या ताणाने स्थिर करून प्लास्टर घातले, असा प्रतिवादीचा बचाव होता.

हा दावा लावता आला तो १८५५ सालच्या तेराव्या क्रमांकाच्या कायद्यामुळे. त्याचे इंग्रजी नाव ‘फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट’. मराठीत त्याला प्राणघातक अपघात अधिनियम म्हणतात. अवघ्या चार-पाच कलमांचा हा कायदा कसा जन्मला, हे सांगण्यासाठी दीडशे वर्षे मागे आणि इंग्लंडात जावे लागते. कारण त्याआधी इंग्रजी न्यायाची भूमिका अशी होती की, माणसाच्या मृत्यूबद्दल दिवाणी न्यायालयात तक्रारच करता येत नाही.

१८०८ साली पोर्ट्समथहून लंडनला जाणारी एक स्टेजकोच वाटेत उलटली. गाडीच्या टपावर एक पानगृहचालक आणि त्याची पत्नी बसले होते. त्याला मुका मार लागला. ती जबर जखमी झाली आणि सुमारे महिन्याभराने रुग्णालयात वारली. गाडीच्या मालकांवर त्याने दावा केला. पत्नीवर त्याचा जीव होता आणि धंद्यात तिचा मोठा हात होता, हे त्याने सिद्धही केले. न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी ज्यूरीला सांगितले की नवऱ्याला स्वतःला झालेली इजा, आणि पत्नी जिवंत असेपर्यंतचा तिच्या सहवासाचा व मदतीचा तोटा, एवढ्याचाच विचार करावा. ती मरण पावली त्या क्षणी हिशेब थांबतो. ज्यूरीने शंभर पौंड दिले. ‘बेकर विरुद्ध बोल्टन’ या नावाने हा निकाल ओळखला जातो. त्याचा छापील अहवाल जेमतेम काही ओळींचा आहे, त्यात कोणत्याही जुन्या निवाड्याचा आधार दिलेला नाही, आणि तरी त्याने पुढची जवळजवळ चाळीस वर्षे सगळ्या इंग्लंडातील विधवांची वाट अडवून धरली.

यामागे जुन्या समजुती होत्या. एक अशी की वैयक्तिक इजेचा दावा त्या व्यक्तीबरोबरच संपतो. मेलेला माणूस फिर्याद करू शकत नाही, आणि त्याच्या वतीने दुसरा कोणी उभा राहू शकत नाही. दुसरी अशी की जीव घेणे हा राजाविरुद्धचा अपराध आहे. दोषी ठरलेल्याची मालमत्ता राजाकडे जमा होई, मग कुटुंबाने मागायचे ते कोणाकडे? या दोन्हींचा व्यवहारातला अर्थ भयंकर होता. बेफिकीर गाडीवानाने एखाद्याचा पाय मोडला तर त्याला खिसा रिकामा करावा लागे. तोच माणूस जागीच ठार झाला तर गाडीवान सुटला. जखमी करण्यापेक्षा मारून टाकणे स्वस्त, असा हा न्याय होता.

भारतीय परंपरेतही याच्याशी काहीशी समांतर रचना दिसते. रुग्णाच्या जिवाला धोका आहे हे न कळवता उपचार करणाऱ्या वैद्याच्या हातून रुग्ण दगावला तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्या पायरीचा दंड सांगितला आहे, आणि वैद्याच्या क्रियेतील चुकीने दगावला तर मधल्या पायरीचा. रुग्णाला धोक्याची कल्पना द्यावी ही अपेक्षा इतक्या जुन्या काळी नोंदवलेली असणे विलक्षणच. पण तो दंड होता. तो राजाच्या कोशात जाई, मेलेल्याच्या घरी नव्हे.

इंग्लंडात मृत्यूबद्दल पैसे वसूल करण्याचा एकच मार्ग उरला होता आणि तो मध्ययुगीन होता. ज्या वस्तूमुळे माणूस मेला ती वस्तू, मग ते गाडीचे चाक असो, बैल असो वा विहिरीचा रहाट, देवाला अर्पण करायची. तिला ‘डिओडँड’ म्हणत. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘देवास द्यावयाचे’ असाच. काळाच्या ओघात वस्तूऐवजी तिची किंमत सरकारजमा होऊ लागली, आणि ती किंमत ठरवण्याचा अधिकार मृत्यूची चौकशी करणाऱ्या ज्यूरीकडे राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही प्रथा म्हणजे काही शिलिंगांची औपचारिकता झाली होती. मग रेल्वे आली.

२४ डिसेंबर १८४१ ची पहाट. लंडनहून ब्रिस्टलकडे जाणाऱ्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या मालगाडीला तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांचे डबे जोडलेले होते. डबे म्हणजे छप्पर नसलेल्या, बुटक्या कडांच्या उघड्या वाघिणी, त्याही इंजिन आणि जड मालडब्यांच्या मध्ये. रेडिंगजवळ सॉनिंग येथे टेकडी फोडून काढलेल्या खोल खाचेतून रूळ जातात. पावसाने तिथली दरड रुळांवर आली होती. इंजिन तिच्यात घुसले, मागच्या मालडब्यांचे वजन पुढे आले आणि मधली माणसे चिरडली गेली. आठ जण जागीच ठार झाले, नववा नंतर रुग्णालयात गेला. मृतांमध्ये बरेचसे पाथरवट होते. लंडनमध्ये पार्लमेंटची नवी इमारत उभी राहत होती, तिथले काम थांबवून ते नाताळासाठी घरी निघाले होते.

चौकशीच्या ज्यूरीला कंपनीवर फौजदारी गुन्हा ठेवता येत नव्हता, कुटुंबांना काही मिळवून देता येत नव्हते. तिच्या हातात तो एकच जुना, गंजलेला अधिकार होता. तिने तो उपसला आणि इंजिन व डबे यांवर एक हजार पौंडांचा डिओडँड ठोकला. पुढे वरच्या न्यायालयात तो टिकला नाही. टिकला असता तरी पाथरवटांच्या बायकांना त्यातला एक पेनीही मिळाला नसता. तरीही रेल्वे कंपन्या हादरल्या. प्रत्येक अपघातानंतर गावोगावच्या ज्यूऱ्या आपल्या इंजिनांची किंमत ठरवू लागल्या तर काय, हा धसका त्यांनी घेतला.

पार्लमेंटमध्ये हा प्रश्न लावून धरला तो लॉर्ड कॅम्पबेल यांनी. गृहस्थ मूळचे स्कॉटलंडमधील फाइफचे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा होता आणि तिथे मृताच्या नातेवाइकांना भरपाई मागता येत असे, हे त्यांना लहानपणापासूनच्या परिचयाने ठाऊक असणार. दुसरा योगायोग अधिक बोलका आहे. तरुणपणी वकिलीत जम बसवताना ते खटल्यांचे वृत्तांत छापून प्रसिद्ध करीत. १८०८ चा ‘बेकर विरुद्ध बोल्टन’ कायद्याच्या इतिहासात पोहोचला तो त्यांच्याच वृत्तांतामुळे. ज्या निकालाची नोंद त्यांनी केली, तोच अडतीस वर्षांनी त्यांनी मोडून काढला.

ऑगस्ट १८४६ मध्ये एकाच महिन्यात दोन कायदे झाले. एकाने डिओडँड रद्द केला. दुसऱ्याने, ज्याला आजही लॉर्ड कॅम्पबेलचा कायदा म्हणतात, मृताच्या जोडीदाराला, आईवडिलांना आणि मुलांना दाव्याचा हक्क दिला. रेल्वे कंपन्यांच्या दृष्टीने हा सौदा होता. ज्यूरीच्या लहरीवर अवलंबून असलेला अमर्याद भुर्दंड गेला आणि त्या जागी मोजता येईल अशी देणेदारी आली. मोजता येईल, हे शब्द महत्त्वाचे. १८५२ साली ‘ब्लेक विरुद्ध मिडलंड रेल्वे’ या खटल्यात एका विधवेच्या बाबतीत न्यायालयाने स्पष्ट केले की भरपाई मिळेल ती फक्त आर्थिक तोट्याची. तिच्या दुःखाला या कायद्यात रकाना नाही.

भारतात पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. त्यानंतर दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच, २७ मार्च १८५५ रोजी, कलकत्त्याच्या विधान परिषदेने १८५५ चा तेरावा कायदा केला. त्याचा सांगाडा जवळपास लॉर्ड कॅम्पबेलच्या कायद्याचाच. या दोन तारखांत थेट कार्यकारण जोडण्याचा मोह आवरायला हवा, पण ज्या जगात हा कायदा हवासा झाला ते जग वाफेच्या इंजिनाचे होते, यात शंका नाही.

त्याच्या प्रस्तावनेत एक कबुली आहे. दुसऱ्याच्या चुकीच्या कृतीने, हयगयीने वा कसुरीने एखाद्याचा मृत्यू झाला तर त्याबद्दल आज कोणत्याही न्यायालयात दावा चालत नाही, आणि अशा प्रसंगी दोषी माणसाने भरपाई देणे पुष्कळदा न्याय्य व इष्ट असते, असा तिचा आशय. पुढची कसोटी साधी आहे. मृत माणूस जगला असता तर त्याला इजेबद्दल दावा करता आला असता का? आला असता, तर आता तो त्याच्या कुटुंबासाठी करता येईल. लाभार्थी कोण तेही ठरलेले: पत्नी, पती, आईवडील, मूल. आईवडिलांत आजी-आजोबा येतात, मुलांत नातवंडे आणि सावत्र मुलेही येतात. मृताच्या मालमत्तेला झालेला तोटा त्याच दाव्यात वेगळा मागता येतो. मुदत एका वर्षाची होती. ती आता दोन वर्षांची आहे.

या कायद्याच्या वेळी परिषदेत कायदा सदस्य होते बार्न्स पीकॉक. तेच पुढे कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १८६१ साली त्यांच्यापुढे एका घोड्याचा खटला आला. खिदिरपूरच्या सरकारी गोदीतील मजूर लोखंडाचा जड तुकडा रस्त्यावरून वाहून नेत होते. एका आगबोट कंपनीची घोडागाडी आली, गाडीवानाने हाक दिली, मजुरांनी घाबरून लोखंड टाकले, त्या आवाजाने घोडा बिथरला आणि त्यावरच आदळून जखमी झाला. सरकार भरपाई देईल का? पीकॉक म्हणाले, देईल. गोदी चालवणे हे कोणीही खाजगी माणूस करू शकेल असे काम आहे. पण जी कामे केवळ राजसत्ताच करू शकते, त्यांतल्या चुकांबद्दल मात्र सरकारवर दावा चालणार नाही. घोड्याच्या मालकाला पैसे मिळाले. त्या निकालातली ‘सार्वभौम कार्य’ ही पळवाट मात्र पुढे शंभराहून अधिक वर्षे माणसांच्या दाव्यांच्या आड येत राहिली. औरंगाबादच्या एका कुटुंबाला तिचा फटका कसा बसला, ते पुढे येतेच.

कायदा झाला म्हणून दावे आले असे नाही. मुंबई इलाख्यात घाटांचे बोगदे फोडताना, पुढे गिरण्यांच्या यंत्रांत, गोद्यांत किती माणसे गेली. पण मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात स्टँप, वकिलाची फी, साक्षीदारांची ने-आण आणि वर्षाची मुदत, एवढे झेपणारे घर त्यांत विरळाच. शिवाय हयगय सिद्ध करण्याची जबाबदारी विधवेवर, आणि कागदपत्रे सगळी मालकाच्या कपाटात. कामगारांसाठी १९२३ साली वेगळा भरपाई कायदा झाला. त्यात मालकाची चूक दाखवण्याची अट काढून टाकली गेली. वाहन अपघातांसाठी १९५६ च्या दुरुस्तीने स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली. राहिले ते बाकीचे मृत्यू: कोसळलेली भिंत, उघडी वीजतार, आणि रुग्णालय.

पुण्याचा दावा त्या उरलेल्यांपैकी. कायद्याच्या पुस्तकांत तो ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ म्हणून ओळखला जातो. त्यात खरा वाद तथ्यांचा होता. त्या तासाभरात शस्त्रक्रियागृहात नेमके काय घडले? खालच्या न्यायालयाने साक्षी पारखल्या आणि आईवडिलांच्या बाजूने कौल दिला. भरपाई ठरली तीन हजार रुपये. मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. शल्यचिकित्सक सर्वोच्च न्यायालयात गेले. २ मे १९६८ रोजी न्यायमूर्ती शेलत यांनी लिहिलेल्या निकालपत्राने त्यांचे अपील फेटाळले. हाड बसवण्याची क्रिया झालीच होती, ती योग्य भूल न देता आणि अवाजवी जोर वापरून झाली, आणि त्या आघातानेच मृत्यू ओढवला, हा निष्कर्ष टिकला. दाखल्यावरचे ‘फॅट एम्बॉलिझम’ तीनही न्यायालयांना पटले नाही.

निकालात पुढे दशकानुदशके उद्धृत होत राहिलेला एक परिच्छेद आहे. वैद्य रुग्णाची जबाबदारी तीन ठिकाणी पत्करतो: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना, आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना. या प्रत्येक ठिकाणी त्याने वाजवी कौशल्य आणि वाजवी काळजी दाखवली पाहिजे. सर्वश्रेष्ठ कौशल्याची अपेक्षा नाही, अगदी सुमार कौशल्यही चालणार नाही. ऐकायला सोपे वाटते. पण त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या पातळीवर हे इतक्या स्पष्टपणे कोणी मांडलेले नव्हते.

पंधरा वर्षे आणि तीन हजार रुपये. या आकड्यावर आज कोणीही चकित होईल, पण तो न्यायाधीशांच्या कंजूषपणातून आलेला नाही, कायद्याच्या सांगाड्यातूनच आलेला आहे. दुःखाला रकाना नसल्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की हा मुलगा जगला असता तर आईवडिलांना त्याच्याकडून किती रुपये मिळाले असते. विशीतला मुलगा, अजून कमावता नाही, वडील स्वतः व्यवसाय करणारे. या हिशेबात जितके तरुण मरण तितकी भरपाई तोकडी. त्या आईवडिलांनी हे गणित माहीत असूनही तीन न्यायालये चढली असतील, तर ती पैशासाठी नव्हती असे मानायला जागा आहे.

दुसरा खटला औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. १० जुलै १९६३ रोजी एक स्त्री तिथल्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणासाठी दाखल झाली. त्याच दिवशी तिला मुलगा झाला. तेराव्या तारखेला तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. लगोलग ताप चढला, पोट दुखू लागले, त्रास वाढतच गेला. १९ जुलै रोजी दुसऱ्या डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडले तेव्हा आत शस्त्रक्रियेत वापरायचा टॉवेल राहिलेला सापडला आणि भोवती पू साठला होता. २४ जुलैला ती गेली. मागे पती आणि मुले राहिली. त्यांतले सर्वांत धाकटे दोन आठवड्यांचे.

पती अच्युतराव खोडवा आणि मुलांनी सरकार व डॉक्टरांवर दावा लावला. विचारणा न्यायालयाने छत्तीस हजार रुपयांचा हुकूमनामा दिला. तो उच्च न्यायालयात उलटला. रुग्णालय चालवणे हे सार्वभौम कार्य असल्याने सरकार जबाबदार धरता येत नाही, आणि मृत्यू नेमका त्या टॉवेलने झाला हेही सिद्ध नाही, असे तिथे ठरले. खिदिरपूरच्या घोड्याच्या मालकाला जे मिळाले होते ते औरंगाबादच्या या कुटुंबाला नाकारले गेले, आणि तेही त्याच निकालातून निघालेल्या तर्काने.

२० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विचारणा न्यायालयाचा हुकूमनामा पुन्हा जिवंत केला. सरकारी रुग्णालय चालवणे हे सार्वभौम कार्य नव्हे, असे न्यायमूर्ती कृपाल यांच्या निकालपत्रात स्वच्छ म्हटले. पोटात टॉवेल राहणे ही अशी गोष्ट आहे की हयगय झाली हे वेगळे सिद्ध करायला नको, ती वस्तूच बोलते. कोणत्या नेमक्या माणसाच्या हातून चूक झाली हे बोट ठेवून दाखवता आले नाही तरी सगळे एकाच रुग्णालयाचे नोकर असल्याने सरकारची जबाबदारी टळत नाही. हा शेवटचा मुद्दा सामान्य माणसाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. शस्त्रक्रियागृहात बेशुद्ध पडलेल्या रुग्णाने कोणाचे नाव सांगायचे?

त्या जुलैत जन्मलेले मूल हा निकाल लागला तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. रक्कम तीच राहिली, छत्तीस हजार.

पाच वर्षांनी हाच आकडा दुसऱ्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयात उमटला. ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याच्या संस्थापकदिनाच्या समारंभात आग लागली आणि साठ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बऱ्याच स्त्रिया आणि मुले होती. भरपाई ठरवण्याचे काम निवृत्त सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्याकडे सोपवले गेले. अडचण आली ती गृहिणींची. त्यांना पगार नव्हता, मग तोटा मोजायचा कसा? २००१ च्या ‘लता वाधवा’ निकालात न्यायालयाने चंद्रचूड यांनी धरलेला आकडा अपुरा ठरवला. स्वयंपाक, मुलांचे संगोपन, घराची व्यवस्था यांची किंमत अगदी माफक अंदाजानेही महिना तीन हजार रुपये धरावी, असे सांगितले. म्हणजे वर्षाला छत्तीस हजार. औरंगाबादच्या त्या आईच्या साऱ्या उरलेल्या आयुष्याची जी किंमत १९६३ च्या मृत्यूबद्दल मिळाली, तेवढी आता गृहिणीच्या एका वर्षाच्या कामाची झाली. रुपयाची घसरण जमेस धरूनही ही तुलना थांबून पाहण्यासारखी आहे. पोर्ट्समथच्या गाडीवर बसलेल्या पानगृहचालकाने धंद्यातल्या पत्नीच्या मदतीचे मोल मागितले होते, तेव्हा ते तिच्या शेवटच्या श्वासापाशी थांबवले गेले होते.

१८५५ चा तेरावा कायदा आजही अमलात आहे. लाभार्थींच्या त्याच्या यादीत भाऊ आणि बहीण नाहीत. वाहन अपघातांच्या कायद्यात ‘कायदेशीर प्रतिनिधी’ असा व्यापक शब्द असल्यामुळे १९८७ साली गुजरातच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या भावालाही भरपाईचा हक्क मान्य केला. भारतीय कुटुंबात भाऊ भावाच्या मुलांना पोसतो, भावावर भाऊ अवलंबून असतो, हे त्या निकालात आवर्जून नोंदवले गेले. मात्र तोच भाऊ बसखाली न जाता पडक्या भिंतीखाली गेला, किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला, तर दिवाणी दाव्यात त्याच्या बहिणीला वा भावाला या जुन्या कायद्याखाली स्वतःसाठी काही मागता येत नाही. यादी अजून तीच आहे: पत्नी, पती, आईवडील आणि मूल.